नागपूर परिसरातील शेतमाल ऑनलाइन निर्देशिकेतून कसा शोधावा: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

नागपुरात भाजीपाल्याची आणि धान्याची कधीच वाण नसते. कॉटन मार्केटात पहाटे गाड्या उतरतात, कळमन्याच्या बाजार समितीत हंगामात संत्र्यांचे ढीग लागतात, आणि गोकुळपेठेत किंवा सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारात ताजी भाजी हाताला लागते. मात्र समोरची पालक कोणत्या गावची आहे, तिच्यावर शेवटची फवारणी कधी झाली आणि ती पिकवणाऱ्याच्या हातात किती पैसे पडले, हे विचारले तर उत्तर मिळत नाही, कारण तीन-चार हातांतून आलेल्या मालाबद्दल विकणाऱ्यालाही ते ठाऊक नसते. ज्यांना हे प्रश्न पडतात आणि ज्यांना आपल्याच भागातला, जमीन आणि पाणी राखून पिकवलेला माल घ्यायचा आहे, त्यांच्यासाठी ऑनलाइन निर्देशिका हे उपयोगी साधन आहे. फवारणीचा प्रश्न खाणाऱ्यापुरता नाही, हेही आधीच सांगितले पाहिजे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेव्हापासून मी ताटातल्या भाजीचा विचार फवारणी पंप पाठीवर घेणाऱ्या माणसाला वगळून करू शकलो नाही.

निर्देशिका म्हणजे शेतकरी, शेतकरी गट, शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपन्या आणि लहान विक्रेते यांची जिल्हा, पीक किंवा प्रमाणपत्रानुसार शोधता येणारी यादी. ती आपल्याला पत्ता देते; माल कसा आहे याची हमी ती देत नाही. हा फरक नीट लक्षात न घेतल्यामुळे अनेकांचा पहिला अनुभव निराशेचा होतो, म्हणून पुढील पायऱ्यांमध्ये शोधण्यापेक्षा पडताळण्यालाच जास्त जागा दिली आहे.

आधी परिघ आणि हंगाम ठरवा

संगणक उघडण्यापूर्वी एका वहीत दोन गोष्टी लिहाव्यात: आपल्याला काय हवे आहे आणि ते किती दूरवरून आणलेले चालेल. नागपूर जिल्ह्यात १४ तालुके आहेत आणि त्यांचा स्वभाव एकसारखा नाही. काटोल, नरखेड, कळमेश्वर, सावनेर हा संत्र्याचा पट्टा, जो पुढे अमरावती जिल्ह्यातील वरुड-मोर्शीला जाऊन मिळतो. पूर्वेकडील रामटेक, मौदा, पारशिवनी हा धानाचा भाग. भिवापूर आणि कुही मिरचीसाठी ओळखले जातात. तर पश्चिमेला आणि वर्ध्याकडे कपाशी, तूर, सोयाबीन अधिक. वर्धा, भंडारा आणि चंद्रपूर जिल्ह्याचा नागभीडकडचा भाग धरला, तर साधारण शंभर किलोमीटरच्या आत घरातले बहुतेक धान्य, डाळी, हळद, तिखट आणि तेलबिया मिळू शकतात. माझ्या मते ‘स्थानिक’ या शब्दाचा नागपूरकरासाठी एवढा अर्थ पुरेसा आहे. ज्याला पालकही शंभर किलोमीटरवरून आणावीशी वाटते, त्याने मात्र परिघ लहान करावा आणि हिंगणा, कामठी, कळमेश्वर येथेच शोध घ्यावा, कारण पालेभाजीला नागपूरच्या उन्हात प्रवास सोसत नाही.

हंगामाचे भान ठेवले तर अर्धी फसगत टळते. नागपुरी संत्र्याचे दोन बहार आहेत: आंबिया बहाराची फळे साधारण ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत येतात आणि मृग बहाराची फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत. त्यामुळे ऑगस्टमध्ये ‘थेट बागेतून ताजी नागपुरी संत्री’ असे लिहिलेली नोंद दिसली, तर तिच्याकडे संशयानेच पाहावे. तूर डिसेंबर ते फेब्रुवारीत निघते, म्हणजे नवी डाळ त्यानंतरची. तुरीचे सोले, म्हणजे शेंगांतले ओले दाणे, हिवाळ्यातच मिळतात. तरोट्यासारखी रानभाजी पहिल्या पावसानंतर काही आठवडेच कोवळी असते. एप्रिल-मे महिन्यांत, पारा ४५ अंशांच्या पुढे गेलेला असताना, ज्या नोंदीत सर्व पालेभाज्या बाराही महिने उपलब्ध असल्याचे लिहिले आहे, तेथे माल कोठून येतो हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

कोणती निर्देशिका उघडावी

सुरुवात सरकारी स्रोतांपासून करावी, कारण तेथे नोंदीबरोबर प्रमाणीकरणाचा धागा असतो. केंद्रीय कृषी मंत्रालयाचे ‘जैविक खेती’ हे पोर्टल शेतकरी, त्यांचे स्थानिक गट, माल एकत्र करणारे आणि खरेदीदार यांना एकत्र आणण्यासाठी आहे. ‘पीजीएस-इंडिया’ या सहभागी हमी पद्धतीचेही स्वतंत्र संकेतस्थळ आहे. निर्यातीकडे झुकलेल्या ‘एनपीओपी’ या २००१ पासूनच्या राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाचा कारभार ‘अपेडा’ ही शेतमालाच्या निर्यातीचे काम पाहणारी केंद्र सरकारची संस्था पाहते. याशिवाय खासगी निर्देशिका, नकाशांवरील नोंदी आणि समाजमाध्यमांवरील याद्या आहेत. त्यांत माहिती ताजी असू शकते, पण कोणीही काहीही लिहू शकतो. म्हणून तेथे सापडलेले नाव सरकारी यादीत आहे का, हे एकदा पाहून घ्यावे. नसेल तर तो शेतकरी खोटा आहे असे मुळीच समजू नये. कागदपत्रांच्या वाटेला न गेलेले अनेक प्रामाणिक शेतकरी विदर्भात आहेत, आणि त्यांच्यापर्यंत पोहोचण्याची रीत पुढे आली आहे.

शोधताना शब्द बदलून पाहा

बाहेरगावाहून नागपुरात आलेल्यांची येथे हमखास अडचण होते. नागपुरात कोथिंबिरीला सांबार म्हणतात, चवळीच्या शेंगांना बरबटी, शेवग्याला मुंगना आणि लाल भोपळ्याला कोहळं. नोंद शेतकऱ्याने स्वतः भरली असेल तर तीत हेच शब्द असण्याचा संभव अधिक, म्हणून एका नावाने काही सापडले नाही तर दुसऱ्याने शोधावे. शेतीपद्धतीचेही तसेच आहे: मराठीत ‘सेंद्रिय’, हिंदीत ‘जैविक’, शिवाय ‘नैसर्गिक’, ‘विषमुक्त’, ‘रसायनमुक्त’ हे सगळे शब्द एकामागून एक टाकून पाहावेत. सावनेर, कामठी, पारशिवनी ही नावे रोमन लिपीत दोन-तीन प्रकारे लिहिली जातात. त्यामुळे गावाच्या नावाने शोधण्याऐवजी जिल्हा निवडून यादी खालपर्यंत वाचणे बरे. वेळ लागतो, पण काही सुटत नाही.

नोंद वाचण्याची रीत

नोंद उघडल्यावर सर्वप्रथम ती शेवटची केव्हा अद्ययावत झाली हे पाहावे. तारीख दोन-तीन वर्षांपूर्वीची असेल तर फोन केल्याशिवाय पुढे जाऊ नये. नंतर पत्ता पाहावा: तेथे गाव, तालुका आणि शेताचा उल्लेख आहे, की शहरातील गाळ्याचा? गाळा असणे हा दोष नाही, पण मग आपण शेतकऱ्याशी नव्हे, विक्रेत्याशी बोलत आहोत हे ठाऊक असावे. तिसरी गोष्ट मालाची यादी. एकाच शेतकऱ्याच्या नावावर संत्री, सफरचंद, बासमती, बदाम आणि मध असे सर्व दिसले, तर ती यादी एका शेताची नाही.

हे मी स्वतः चूक करून शिकलो. काही वर्षांपूर्वी ‘शेतातून थेट’ असे लिहिलेल्या एका नोंदीवरून मी वर्षभराची तूरडाळ मागवली. पैसे भरून झाल्यावर, डाळ घेण्यासाठी गेलो तेव्हा, तूर कोणत्या गावची असे विचारले, तर समोरच्या गृहस्थांना गावाचे नाव सांगता आले नाही. माल बाजारातून उचललेला होता. डाळ वाईट नव्हती, पण मी ज्यासाठी जास्त पैसे दिले होते ते मला मिळाले नव्हते, आणि ज्याच्यापर्यंत ते पोहोचावेत असे वाटत होते त्या शेतकऱ्यालाही ते मिळाले नव्हते. तेव्हापासून गावाचे नाव कळल्याशिवाय मी एक रुपयाही देत नाही.

चिन्हे आणि शब्द यांचा अर्थ

‘गावरान’, ‘देशी’, ‘विषमुक्त’ हे शब्द वापरण्यासाठी कोणाचीही परवानगी लागत नाही. ‘सेंद्रिय’ किंवा ‘जैविक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अन्नासाठी मात्र अन्नसुरक्षा आणि मानके प्राधिकरणाचे २०१७ चे विनियम आहेत, जे १ जुलै २०१८ पासून लागू झाले. त्यांनुसार पाकीटबंद सेंद्रिय मालाला एनपीओपी किंवा पीजीएस-इंडिया यांपैकी एका पद्धतीचे प्रमाणीकरण लागते आणि पाकिटावर ‘जैविक भारत’ हे चिन्ह असते. लहान मूळ उत्पादक आपला माल थेट अंतिम ग्राहकाला विकत असेल, तर त्याला या प्रमाणीकरणातून सूट आहे. म्हणून काटोलच्या एखाद्या शेतकऱ्याच्या पेटीवर चिन्ह नसणे हा नियमभंग ठरत नाही. उलट, दुकानातील चकचकीत पाकिटावर ‘सेंद्रिय’ हा शब्द असून चिन्ह नसणे ही चौकशी करण्याजोगी बाब आहे. पाकिटावरील १४ अंकी परवाना किंवा नोंदणी क्रमांक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर टाकून तपासता येतो, आणि तो अवश्य तपासावा.

पीजीएस-इंडिया ही पद्धत समजून घेण्यासारखी आहे. तीत किमान पाच शेतकऱ्यांचा स्थानिक गट असतो, गटातील शेतकरी एकमेकांची शेते पाहतात, आणि त्यांच्या निर्णयावर प्रादेशिक परिषद शिक्कामोर्तब करते. तिची दोन चिन्हे आहेत. रसायने सोडली आहेत पण संक्रमणकाळ पुरा झालेला नाही, अशा शेतमालाला ‘पीजीएस-इंडिया ग्रीन’ मिळते. तो काळ पूर्ण झाल्यावर ‘पीजीएस-इंडिया ऑरगॅनिक’. अनेक ग्राहक पहिले चिन्ह पाहून नोंद सोडून देतात, आणि मला हे फार चुकीचे वाटते. संक्रमणाची वर्षेच शेतकऱ्याला सर्वांत जड जातात: उत्पन्न घटलेले असते आणि पूर्ण प्रमाणित मालाचा भाव अजून मिळत नसतो. त्या वर्षांत त्याच्याकडून नियमित घेणारी पाच-दहा घरे असतील, तर तो पुन्हा युरियाकडे वळण्याची शक्यता कमी होते.

भौगोलिक मानांकन ही वेगळी गोष्ट आहे. नागपुरी संत्र्याला ते २०१४ मध्ये मिळाले, आणि भिवापूरची मिरची व वर्धा जिल्ह्यातील वायगावची हळद यांना २०१६ मध्ये. हे मानांकन माल कोठला आहे ते सांगते; तो रसायनांशिवाय पिकवला आहे असे त्यावरून सिद्ध होत नाही. दोन्ही हवे असेल तर दोन्हींची चौकशी स्वतंत्रपणे करावी लागते.

फोनवर काय विचारावे

निर्देशिकेत तीन-चार नोंदी निश्चित झाल्या की फोन करावा. दुपारी बारा ते तीन ही वेळ किंवा संध्याकाळ बरी; सकाळी शेतकरी कामात असतो, आणि पेरणीच्या किंवा तोडणीच्या दिवसांत तर त्याला निवांत बोलणे शक्यच नसते. आपले नाव, राहण्याचे ठिकाण आणि नंबर कोठून मिळाला हे आधी सांगावे. मग उलटतपासणीचा सूर न लावता विचारावे: “भाऊ, हा माल तुमच्याच शेतातला आहे का? किती एकर आहे? कपाशी-सोयाबीनही घेता का, आणि त्यावर काय फवारता?” शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण अर्ध्या एकरात विषमुक्त भाजी आणि शेजारच्या चार एकरांत कपाशीवर नेहमीची फवारणी, असे चित्र अपवादात्मक नाही. त्यात लपवण्यासारखे काही नाही, आणि जो शेतकरी ते स्वतःहून सांगतो त्याच्यावर माझा विश्वास अधिक बसतो.

“खत म्हणून काय वापरता?” या प्रश्नाचे उत्तर ऐकताना तपशिलाकडे लक्ष द्यावे. अमरावती जिल्ह्यातील सुभाष पाळेकर यांनी प्रसार केलेल्या नैसर्गिक शेतीत जीवामृत वापरतात. त्यासाठी साधारण २०० लिटर पाण्यात १० किलो शेण, पाच ते दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती घालतात. जो खरोखर हे करतो, त्याच्या तोंडून ड्रम, शेण, गाय किती आणि कोणाची, गूळ कोठून आणतो, असे बारीकसारीक आपोआप येते. “सगळं नॅचरल आहे, काळजी करू नका” एवढेच उत्तर मिळाले, तर आणखी दोन प्रश्न विचारावेत.

धान्याच्या बाबतीत वाण विचारावे. ‘एचएमटी’ तांदूळ आहे असे सांगितले, तर तो कोणत्या गावात पिकवला हे पुढे विचारता येते. हे वाण मूळचे आपल्याच भागातले, नागभीड तालुक्यातील नांदेड या गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी निवडीतून तयार केलेले आहे. डाळीसाठी ती पॉलिश केलेली आहे की बिनपॉलिशची आणि कोठे भरडली, तेलासाठी लाकडी घाण्याचे आहे का आणि तेलबिया कोणाच्या, हे विचारणे पुरे.

भावाबद्दल एकच सांगतो. कळमन्याचा त्या दिवसाचा दर दाखवून घासाघीस करू नये. त्या दरात निवड, भरणी, वाहतूक आणि कमी उत्पन्नाचा धोका धरलेला नसतो. भाव परवडत नसेल तर कमी घ्यावे, किंवा एखादीच वस्तू घ्यावी.

पहिली मागणी आणि पैसे

पहिली मागणी लहान ठेवावी: दोन किलो डाळ, पाच किलो तांदूळ, संत्र्यांची एक पेटी. अनोळखी नोंदीवर पूर्ण रक्कम आगाऊ पाठवू नये. माल हातात आल्यावर द्यावी, किंवा थोडी आधी आणि उरलेली नंतर. पैसे ‘मिळण्यासाठी’ क्यूआर कोड स्कॅन करा किंवा पिन टाका असे कोणी सांगितले, तर तेथेच थांबावे. पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी नाही.

माल आल्यावर त्याला दुकानी मालाच्या मापाने मोजू नये. ऑक्टोबरमधल्या आंबिया संत्र्याची साल हिरवट असू शकते आणि आत फळ गोड असते. सालीवर कोळशीचा काळसर थर असेल तर तो पुसून निघतो. बाजारातली एकसारखी केशरी आणि चकाकणारी संत्री पुष्कळदा रंग आणण्याची प्रक्रिया करून, वरून मेण लावून येतात. सडके फळ, ओले धान्य किंवा कमी वजन याबद्दल मात्र त्याच दिवशी, छायाचित्रासह, सौजन्याने कळवावे. धुरी न दिलेल्या धान्याला पावसाळ्यात कीड लवकर लागते; म्हणून सालभराचे धान्य एप्रिलच्या उन्हात वाळवून, सुकलेला कडुनिंबाचा पाला घालून, घट्ट झाकणाच्या कोठीत भरावे.

शेतावर एकदा जावे

दोन-तीन मागण्या समाधानकारक झाल्या की विचारून, वेळ ठरवून शेतावर जावे. बांधावर कीटकनाशकांच्या रिकाम्या बाटल्या पडल्या आहेत का, बांधाला झाडे आहेत का, तुरीसोबत दुसरे पीक आहे का, माती भुसभुशीत आहे का, विहिरीला उन्हाळ्यात पाणी किती राहते, शेजारच्या शेतातली फवारणी इकडे येऊ नये म्हणून मधे काही पट्टा सोडला आहे का, हे पाहण्यासाठी शेतीतज्ज्ञ असावे लागत नाही. मुलांना सोबत न्यावे. शेतातल्या बाईमाणसांशी बोलावे. निंदणी, तोडणी आणि बियाणे राखण्याचे काम बहुधा त्यांच्याकडे असते, आणि घरातल्या खाण्यासाठी वेगळा वाफा आहे की तोच माल घरीही शिजतो, याचे खरे उत्तर त्याच देतात.

जे शेतकरी कोणत्याच निर्देशिकेत नाहीत, ते येथूनच सापडतात. एका शेतकऱ्याला विचारावे की गावात आणखी कोण अशी शेती करतो. नागपुरात भरणारा बीजोत्सव हा देशी बियाण्यांचा मेळा आणि वर्ध्याचे मगन संग्रहालय हे ग्रामोद्योगांचे संग्रहालय येथेही अशी माणसे भेटतात.

दोन किलो भाजीसाठी एकट्याने साठ किलोमीटर गाडी नेणे मात्र पर्यावरणाच्या दृष्टीने उफराटे आहे. शेजारची पाच-सात घरे एकत्र करावीत, एकाने मागणीची यादी ठेवावी, आणि शेतकरी शहरात ज्या दिवशी येणारच असतो त्या दिवशी एकाच ठिकाणी माल उतरवून घ्यावा. प्रत्येक व्यवहारानंतर वहीत गाव, पीक, वाण, भाव आणि तारीख लिहावी. निर्देशिकेतील नंबर बंद असेल किंवा नोंद जुनी असेल तर चालकांना कळवावे. शेतकऱ्याचा नंबर किंवा शेताची छायाचित्रे कोठेही टाकण्यापूर्वी त्याला विचारावे.

कोणत्या वस्तूपासून सुरुवात करावी हे ठरत नसेल, तर तूरडाळीपासून करावी. ती रोज लागते, टिकते, आपल्याच भागात पिकते, आणि शिजवल्यावर चवीतला फरक लगेच कळतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये तीन नोंदींवरून प्रत्येकी एक किलो मागवावी, तिन्ही घरी शिजवून पाहाव्यात, आणि जी पसंत पडेल तिच्या शेतकऱ्याला पुढील वर्षी किती किलो लागेल हे मे महिन्यातच सांगून ठेवावे, म्हणजे मृगाच्या पेरणीआधी तुरीच्या ओळी किती धरायच्या हे त्याला ठरवता येते.